जनीच्या पुस्तकातली लाल खूण

“आजी, सही जुळत नाहीये,” काचेपलीकडची मुलगी म्हणाली. तिच्या ओढणीवर अडकवलेल्या पट्टीवर शमिका असं नाव होतं. आवाजात तक्रार नव्हती, घाईही नव्हती. आनंदीबाईंना आधी वाटलं, ती दुसऱ्याच कुणाशी बोलते आहे. एक तर रत्नागिरीत त्यांना आजी म्हणणारं कुणी नव्हतं. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच होत्या. आणि दुसरं म्हणजे सही. अडतीस वर्षं पहिली ते तिसरीच्या मुलांचे घामट हात आपल्या हातात धरून ज्यांनी अक्षरं गिरवून घेतली, त्यांची सही जुळत नाही म्हणजे काय? “मागच्या बाजूला परत करा ना. सावकाश करा, घाई नाही,” शमिका म्हणाली. सावकाश करा, घाई नाही, हे तर बाईंचे शब्द. या मुलीनं ते कुठून घेतले? बाईंनी स्लिप उलटी केली, आ काढला, नं काढला, आणि दी वर येताना हात त्यांना न विचारता थोडा डावीकडे गेला. दुसरी सही पहिलीसारखी आली नाही, तिसरी दोघींसारखी नाही. शमिकानं पडदा किंचित त्यांच्याकडे वळवला. तिथं त्यांची जुनी सही होती, खातं उघडताना केलेली, शिरोरेघ पट्टी ठेवून ओढल्यासारखी. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना ती सही आवडली नाही. त्या सहीला फार खात्री होती. शेवटी आतल्या साहेबांनी मान हलवली, पेन्शनचे पैसे मिळाले. “पुढच्या वेळी आधार घेऊन या हं, बाई,” असं शमिका म्हणाली. आजीची बाई मध्येच कधी झाली, कुणी सांगितलं, ते बाईंना कळलं नाही. कापडी पिशवीत पैसे ठेवताना त्यांच्या बोटांना तो दुसरा कागद लागला, घडी घातलेला, सहीशिवायचा, आणि त्यांनी हात बाहेर काढून घेतला.

कागद राजश्रीनं परवा आणून दिला होता. राजश्री म्हणजे संदेशची बायको. संदेश म्हणजे तिसरी ब, खिडकीजवळची रांग, पुढे पतपेढीचा पिग्मी एजंट, आणि आता कोल्हापूरच्या तुरुंगात दहा वर्षांची सक्तमजुरी, त्यातली साडेचार झालेली. हायकोर्टातलं अपील आता कोल्हापुरातच चालणार होतं. वकिलाचं म्हणणं असं, की ज्यांचे पैसे बुडाले त्यांनीच शिक्षा कमी करायला आमची हरकत नाही असं लिहून दिलं, तर कोर्ट विचार करील. बाईंचेही थोडे बुडाले होते. राजश्री ओटीवर खुर्ची असूनही खाली बसली. पाणी पिताना तिनं भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं. “बाई, तुमची झाली की बाकीचे करतील. आणि जनीचा अंगठा हवा. फिर्याद तिची पहिली होती. मी गेले तर ती मला काजूच्या फोलपटांनी हाणील.” मग ती हसली, आणि हसल्याबद्दल घाबरली. “त्यांनी केलं नाही असं मी म्हणत नाही. केलं. पण पेढीचे ते साहेबलोक पहिल्या आठवड्यात जामिनावर सुटले, ते अजून त्यांच्या बागेत फवारणी करून घेतायत. दहा वर्षं एकट्यानंच? माणूस मारला तर किती देतात, बाई?” बाईंना ते माहीत नव्हतं. मुलांनी विचारलेलं माहीत नसेल तर उद्या बघून सांगते म्हणायची त्यांची पद्धत होती, आणि दुसऱ्या दिवशी त्या खरोखर बघून सांगत. राजश्रीलाही त्या तेच म्हणाल्या. दोन दिवस झाले. आज संध्याकाळी वकील कोल्हापूरला निघणार होता.

बँकेच्या पायऱ्या उतरून त्या मारुती मंदिराच्या बाजूला चालू लागल्या. मार्चचं ऊन, अकराच वाजले होते आणि डांबर मऊ लागत होतं. रिक्षा करायची होती, पण रिक्षा केली की लगेच पोचायला होतं. सर्कलच्या पुढे, बंद पडलेल्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर, जनी बसते. फेब्रुवारीपासून ओले काजूगर, मेमध्ये फणसाचे गरे, मग आमसुलं. सकाळच्या एसटीनं गावाहून येते, दुपारच्या एसटीनं जाते. बाईंच्या शाळेच्या फाटकासमोर ती बसायला लागली तेव्हा पंचवीस-तीस वर्षांची असेल. तेव्हाही तिची बोटं अशीच होती, काळी, टोकांना साल गेलेली. ओला काजू कापून गर काढायचा म्हणजे चीक उडतो, आणि चीक लागला की कातडी जळते, राख लावा की तेल लावा. आता रेशनच्या दुकानात जनीचा अंगठा यंत्राला कळत नाही. यंत्र लाल दिवा लावतं, दुकानदार “पूस गो, परत लाव” म्हणतो, आणि जनी पुसते आणि परत लावते. हे आठवून बाई थांबल्या. मघाशी काचेसमोर आपण तेच केलं की. पण दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं म्हणणं त्यांना बरं वाटलं नाही. जनीची बोटं कामानं झिजली. आपला हात कशानं?

शाळेसमोर बसायची त्या काळात संदेश रोज साडेदहाला यायचा. खांद्याला चामडी बॅग, पँटला सायकलची क्लिप. सत्तर-ऐंशी दारं करायचा दिवसाला, काही रोजची, बाकीची आठवड्यातून एकदाची. जनीकडून रोज वीस रुपये. पावसात ती शहरात नसायची तर तिच्या वाडीपर्यंत जायचा, पण खाडा नाही. पुस्तकात आकडा टाकायचा, बेरीज पुढे न्यायचा, सही करायचा. जनीला वाचता येत नव्हतं. महिन्यातून एकदा ती मधल्या सुट्टीत फाटकातून आत यायची, पदराला हात पुसून पुस्तक पुढे करायची. “बगा गो बाई, पोरानं बराबर लिवलाय काय?” आणि बाई बघायच्या. इतर वह्यांबरोबरच बघायच्या. वीस, वीस, वीस, रविवारी काही नाही, वीस. बेरीज करायच्या, हातचा बघायच्या. एकदासुद्धा चूक सापडली नाही. आकडे किती सुरेख, सगळे एका उंचीचे, कारण तो हात त्यांनीच वळवलेला. शेवटी त्या लाल पेनानं खाली बरोबरची खूण करायच्या. सवय. वही तपासली की खूण करायची, न केली तर मूल हिरमुसतं. जनीही हिरमुसली असती. पहिल्यांदा खूण केली तेव्हा ती केवढी खूश झाली होती. नंतर कधीतरी बाईंनी लहानशी चांदणीही काढली होती. अकरा वर्षं. पुस्तकं भरत गेली, जुन्याच्या जागी नवं आलं, प्रत्येकात महिन्याला एक लाल खूण. पुस्तकातली बेरीज आणि पेढीतली बेरीज या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मनात आलंच नाही. येऊ शकलं असतं. गणित शिकवणाऱ्या बाईच्या मनात हे यायला हवं होतं. पण वही तपासताना आपण वहीच तपासतो, मुलाच्या घरी जाऊन डबा उघडून बघत नाही.

शेवटची कित्येक वर्षं तो पैसे पेढीत भरतच नव्हता, आणि आधी भरलेले पेढीबरोबर बुडाले. एका आंब्याच्या ठेकेदाराला हंगामाला द्यायचा, कागद नाही, नुसता शब्द. आंबा आला की परत, वर थोडे. दोन हंगाम आले. तिसऱ्या वर्षी मोहोर काळा पडला, चौथ्या वर्षी ठेकेदार गेला. आणि तरी संदेश रोज साडेदहाला यायचा, वीस रुपये घ्यायचा, सुरेख आकडा काढायचा. यावर बाईंचं मन दर वेळी येऊन अडकायचं. पैसे घेतले ते एकवेळ समजतं. पण आकडा इतका नीट कसा काढत होता तो? हात हलायला नको होता का थोडा? कोर्टात त्यांना विचारलं, “हे अक्षर तुम्ही ओळखता?” त्या हो म्हणाल्या. “कशावरून?” “पाचाचा आकडा. तो खालून वर काढतो. मी पुष्कळदा सुधारला, पण नाही सुधारला.” मागे कुणीतरी हसलं. पिंजऱ्यात संदेशही जरासा हसला, तिसरीतल्यासारखा, मान खाली घालून. मग वकिलानं पुस्तक त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. “आणि ही लाल खूण कुणाची?” “माझी.” “तुम्ही पतपेढीच्या हिशेबनीस होतात?” “नाही.” “मग खूण का केलीत?” “बेरीज बरोबर होती म्हणून.” या वेळी न्यायाधीशही हसले. पुढे कळलं, जनीनं ते पुस्तक वाडीतल्या सगळ्यांना दाखवलं होतं. खुद्द बाईंची खूण हाय, बगा. एकोणीस बायकांनी त्या खुणेवर पिग्मी सुरू केली होती. हे कोर्टात कुणी विचारलं नाही. बाईंनी स्वतःहून सांगितलं नाही. त्या एकोणीस बायकांची मुलं शाळेत होती. त्यांच्या वह्यांवरही तीच खूण होती.

फुटपाथवर एक झाड आहे, त्याखाली बाई टेकल्या. काल रात्रभर त्या त्रैराशिक मांडत होत्या. वेड्यासारखंच. जनीची अकरा वर्षं गेली. वीस रुपये म्हणजे एक दिवसाची बोटं, असं धरलं तर अकरा वर्षांची बोटं. खातेदार साडेचारशे. सगळ्यांची मिळून जवळजवळ पाच हजार वर्षं. त्यापुढे दहा म्हणजे काहीच नाही. मग त्यांनी उलट मांडलं. एका माणसाचे दहा वर्षांचे दिवस साडेचारशे जणांत वाटले, तर जनीच्या वाट्याला आठ दिवस येतात. अकरा वर्षांना आठ दिवस. पण तेच आठ दिवस संदेशच्या बाजूनं बघितले, तर त्यात त्याची आई गेली, त्याला सोडलं ते स्मशानापुरतं, दोन पोलिसांबरोबर. दोन्ही गणितं बरोबर होती. हातचा चुकलेला नव्हता. आणि उत्तरं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. मुलांना त्या सांगायच्या, उत्तर चुकलं तर उत्तर खोडू नका, आधी मांडणी बघा. मांडणीत वर्षं आणि रुपये एकाच रकान्यात लिहिले गेले होते, एवढं त्यांना दिसत होतं. ते वेगळे कसे करायचे, ते दिसत नव्हतं.

आणि तो व्हरांड्यातला मुलगा. तो कालपासून परत येऊन उभा होता. कुठल्या वर्षीचं ते सांगता येणार नाही. गॅदरिंग जवळ आलेलं, नाचाची तालीम, आणि बाईंनी एका मुलाला वर्गाबाहेर उभं केलं. मी ये म्हणेपर्यंत यायचं नाही. कशाबद्दल, ते आज आठवत नाही. तेव्हाही संध्याकाळपर्यंत आठवत नसावं, कारण साडेचारला घंटा झाली, मुलं गेली, बाईही गेल्या. कुलूप लावायला आलेल्या धाकू शिपायाला तो दिसला, भिंतीला पाठ लावून, दप्तराशिवाय. दप्तर आत राहिलेलं. “घरी जा रे,” धाकू म्हणाला, तर मुलगा म्हणाला, “बाईंनी ये म्हटलं नाही.” दुसऱ्या दिवशी धाकूनं सांगितलं तेव्हा बाई हजेरी अर्धी सोडून उठल्या होत्या. त्यांनी मुलाला जवळ घेतलं होतं. ते केस, खोबरेल तेलाचा वास, हे सगळं आठवतं. चेहरा आठवत नाही. तो संदेश होता, असं त्यांना काल वाटलं होतं. आज वाटत होतं, संदेश नव्हे, गंधार, जो पुढे पोफळीला वीजघरात लागला. राजश्रीला त्यांनी काल फोन करून विचारलंही होतं, कधी बोलला का असलं काही? “नाही हो. ते तर म्हणतात, बाईंनी आम्हाला कधी शिक्षाच केली नाही.” हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्या व्हरांड्यातल्या दिवसापासून बाईंनी एक नियम केला होता, शिक्षा कशाबद्दल आहे हे मुलाच्या लक्षात आहे तोवरच शिक्षा. त्यापुढे ते नुसतं उभं राहणं. पण जनीसमोर हा नियम सांगता येईल का? जनीच्या तर अजून नीट लक्षात आहे.

“बसा बाई, उनात काय फिरताव? तोंड बगा, आमसुलासारका झालाय,” जनी लांबूनच ओरडली. पायरीवर फडकं पसरून वाट्यावाट्यांनी गर मांडलेले, त्यावर ओलं केळीचं पान. शेजारी राखेची करवंटी. “पेन्शन नाय काय दिली? सरकार बुडला?” बाई तिच्या शेजारी बसल्या. “दिली. सही जुळत नव्हती.” जनी खो खो हसली. “आता माज्या वळीत आलाव. पुसा न् परत लावा.” मग तिनं पिशवीकडे बघितलं. “कागद आणलाव ना? कळलाय मला. ती फिरतेय सगळीकडं, त्याची बाय. माज्याकडं नाय आली.” बाईंनी कागद काढला. त्यांना जनीला विचारायचं होतं, तुला काय वाटतं. साडेचार वर्षांत त्यांनी हे विचारलंच नव्हतं. पण तोंड उघडायच्या आत जनी म्हणाली, “तुमी करा सही. तुमी केलाव की मी आंगठा लावतंय. वाचाया कशाला हवा?” आणि ती पदराला बोटं पुसू लागली, अगदी त्या मधल्या सुट्टीतल्यासारखी. “नाही,” बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की समोरून जाणारा स्कूटरवाला वळून बघायला लागला. “आधी ऐक. सगळं वाचते. मग तू सांग. मी तपासणार नाही.”

त्यांनी वाचलं. एक-एक ओळ, बोट ठेवून, कोर्टाच्या मराठीतून जनीच्या मराठीत करत. त्याची शिक्षा कमी करायला माझी काही हरकत नाही, म्हणजे त्याला लवकर सोडलं तर तू भांडणार नाहीस. जनी ऐकताना गर सोलत राहिली. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, भाव कमी कर म्हणालं, “आंब्याच्या बागंत जा मंग,” म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. वाचून झालं. तिनं हातातला गर वाट्यावर ठेवला. मग म्हणाली, “आत काय करतो तो?” “काम देतात. सुतारकाम, विणकाम. मजुरी मिळते थोडी.” “माजे पैसे त्यातनं येतात?” “नाही.” “मंग कोणाचा काम करतोय? सरकारचा?” बाईंनी कागदाची कड बोटानं सरळ केली. “माजा तो रोज वीस नेत व्हता,” जनी म्हणाली. “पावसातपण. चिखल तुडवीत यायचा, चा देयाची मी त्याला. तसाच आणून दे म्हणावं. रोज वीस. दारात येऊन. पायानं. माज्या तोंडाकडं बगून देयाचे, न् पुस्तकात लिवायचा. चा नाय देणार. एकदम आणलान तर नको मला, घेणार नाय. जसा नेलान तसा. मंग सोडा, नायतर ठेवा, माजा काय नाय म्हणना.”

बाईंनी मनात गुणाकार केला, थांबवता आला नाही. रविवार सोडून जवळजवळ साडेतीन हजार दिवस. अकरा वर्षं. म्हणजे कोर्टापेक्षा जनीची शिक्षा मोठी होती. राहिलेल्या साडेपाचांच्या दुप्पट. आणि जनीचं वय बासष्टच्या पुढे. आणि बाकीची सगळी दारं. आणि तरीही, चिखलातून चालत येणारा संदेश त्यांना डोळ्यांसमोर आणता आला. तुरुंगातला संदेश साडेचार वर्षांत एकदाही आणता आला नव्हता. याचा अर्थ काय, ते त्यांना कळेना. हे जास्त कठोर आहे की जास्त दयाळू? “जने, हे कागदात नाहीये गं.” “लिवा मंग. लिवता येता ना तुमाला?” बाईंनी मांडीवर पिशवी, पिशवीवर पासबुक, पासबुकावर कागद असं ठेवलं आणि छापील ओळींच्या खाली, मोकळ्या जागेत, जनीचं बोलणं लिहायला घेतलं. ओळ उतरती झाली. अक्षरं एका उंचीची आली नाहीत. पायानं हा शब्द दोनदा पडला, त्यांनी खोडला नाही. लिहून झाल्यावर परत वाचून दाखवलं. राजश्रीनं कागदाबरोबर दिलेल्या शाईच्या डबीत जनीनं अंगठा बुडवला आणि दाबला. ठसा उमटला तो नुसता काळा गोळा, एकही रेघ नाही. त्याच्या शेजारी बाईंनी सही केली. ती सकाळच्या तिन्हींसारखी नव्हती. “आता खूण करा,” जनी म्हणाली, “बराबरची.” लाल पेन पिशवीत होतं. ते नेहमीच असतं, संध्याकाळी गल्लीतली मुलं वह्या घेऊन येतात. बाईंचा हात त्याच्यापर्यंत गेला. “बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. जनीनं त्यांच्याकडे नीट बघितलं, गिऱ्हाईकाकडे बघावं तसं. “आसा त्या टायमाला बोलला आसताव तर,” ती म्हणाली, आणि पुढचा काजू उचलून कापायला लागली.

ठरल्याप्रमाणे राजश्री एक वाजता स्कूटीवरून आली, हेल्मेट न काढताच. जनीला बघून ती दोन पावलं लांब थांबली. जनीनं मान वर केली नाही. राजश्रीनं कागद घेतला, अंगठा बघितला, चेहरा उजळला, मग खालचं हातानं लिहिलेलं ती वाचायला लागली. दोनदा वाचलं. “बाई, हे काय केलंत? वकील म्हणतील, हा कागद चालायचाच नाही. ह्यात त्यांना सोडा म्हटलंय की ठेवा म्हटलंय?” वर्गात कुणी असं विचारलं की बाई म्हणत, जिथं कळलं नाही तिथं बोट ठेव. राजश्रीचं बोट आपोआपच त्या दोनदा लिहिलेल्या शब्दावर जाऊन थांबलं होतं. “येतील ते,” राजश्री एकदम म्हणाली, हळू, जनीच्या दिशेनं, जनीकडे न बघता. “सुटले तर येतील. मी आणीन.” जनी गर सोलत होती. “पावसातपण,” ती म्हणाली. राजश्रीनं कागदाची घडी घातली, परत उघडली. “आणि ही सही? तुमचीच ना बाई? वकील विचारतील. ओळखूसुद्धा येत नाही.”

“माझीच,” बाई म्हणाल्या.

स्कूटी सर्कलला वळून दिसेनाशी झाली. बाईंना वाटलं, आता उठावं, रिक्षा बघावी. पण त्या उठल्या नाहीत. शाळेच्या रिकाम्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून ते मूल अजून उभंच होतं, चेहरा नसलेलं, खोबरेल तेलाच्या वासाचं. संदेश असो की गंधार. आता ये म्हणावं, एवढंच करायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की हाक कुठल्या नावानं मारायची ते त्यांना माहीत नाही.